अम्मीचा हक

अब्बा,

तुमचं मनगट कधी मोडलं नाही, म्हणून तो आवाज कसा असतो ते सांगते. वाळलेली काटकी मोडावी तसा. मी अकरा वर्षांची होते, खापरखेड्याच्या कॉलनीतल्या आपल्या स्वयंपाकघरात कलिंगड कापत होते. चौऱ्याऐंशीचा रमजान भर उकाड्यात आला होता. अम्मी दवाखान्यातून परतली तेव्हा इफ्तारला पाचेक मिनिटं उरली होती आणि स्टोव्ह पेटलेला नव्हता. "घरात नवरा रोज्यानं बसून हाये, अन् तू दुनियेची बाळंतपणं करून राहिली?" तुम्ही ओरडलात. "बाई अडली होती. सोडून येऊ काय?" एवढंच ती म्हणाली. रोजा तिचाही होता. तुम्ही खलातला बत्ता उचललात. तिने तोंडापुढे हात धरला, म्हणून तोंड वाचलं. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा भिंतीवर; पोपडे माझ्या कलिंगडावर पडले. तेवढ्यात अजान झाली. तुम्ही बत्ता खाली ठेवून त्याच हाताने खजूर उचललात, दुआ म्हटलीत! अजून डोकं फिरतं माझं. खाली पडलेल्या अम्मीच्या तोंडाला मी पेला लावला. तिने ओठ चावून फोडला होता, पाणी लाल झालं. तेच पिऊन तिने रोजा सोडला.

दुसऱ्या दिवशी मौलाना घरी आले. अम्मीचं प्लास्टर पाहून म्हणाले, "ते कामाहून येते, तर स्टोव्ह तू पेटव. अल्लाच्या रसूलनं घरातलं काम केलं, तुले काहून लाज? रोज्याचं अल्लाशी पाहून घे. पन हिच्यावरचा जुलूम हिनंच माफ केला पाहिजे. हिले माफी माग." तुम्ही मान खाली घालून माफी मागितलीत, मौलानांची. पुन्हा हात उचलला नाहीत, तेही खरं. प्रायश्चित्ताचे साठ रोजे जादा ठेवलेत, गरिबांना जेवू घातलंत, भजीसुद्धा तळलीत. अल्लाचं सगळं फेडलंत, अम्मीकडे दोन शब्द घेऊन आला नाहीत. तिची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. बाळंतपणं सुटली. ती दवाखान्याच्या खिडकीत डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहायला बसली.

चार वर्षांनी तुम्ही गेलात. बाया अम्मीला हलवून सांगत होत्या, "माफ केलं म्हन वं, जनाजा अडून राहिला." अम्मी तुमच्या चेहऱ्याकडे नुसती पाहत बसली. बाहेरून मौलानांनी विचारलं. दाराशी मी होते. "अम्मीनं माफ केलं," मी म्हटलं, आणि लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं.

ती तसं म्हणाली नव्हती, अब्बा. आजवर म्हणालेली नाही. हा कागद मी कबरीपर्यंतही आणणार नाही. आणि ते खोटं मी तुमच्या भल्यासाठी बोलले नव्हते. तुम्ही लवकर घराबाहेर जावं, एवढंच मला हवं होतं.