म्या भिंत लिपली तिथंच चुकलं

चैत्र शु. ६, रविवार

आधी आला टांगेवाला, घोड्याले पाणी मांगत. त्याच्या मागून मालकीणबाई (पुढं मा.बा. लिहीन, दौतीत शाई थोडी हाये) अन् मंग तिचा पोरगा दादासाहेब, रुमालानं मान पुसत. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याले उतरले. जुन्या वस्तीतल्या या घरात आमाले सात वर्सं झाली भाड्यानं, पण मालकानं पाऊल टाकलं ते आज. लुगड्याले जर केवढी! पायाले भेगा मातर माह्यासारख्याच. ते पाहून लय बरं वाटलं.

येतो म्हणून कार्ड आलं तवाच जनार्दननं (माहा पोरगा, स्टेशनावर पाइंटमन) बजावलं होतं, "मा, भिंतीले हात लावू नको. पावसाचे ओघळ तसेच राहू दे. छपराचे फुटके कवेलू दाखव त्याईले. पाहतीन तं फेरून देतीन." खरंच होतं त्याचं. गेल्या पावसात चुलीत पाणी झालं होतं. अन् आता सुनेले सातवा लागला.

पण पाहुणे येणार अन् भिंत अशी? माह्यानं नाही झालं. तो ड्युटीवर गेला तशी पांढरी माती कालवली अन् सारी भिंत लिपली. फुटक्या कवेलूतून उन्हाचा ठिपका पडते, तिथं उतरंड रचली. माही नात चिमी म्हणे, "आजी, दिवाळी हाये काय?" गोड पोट्टी.

रोडगे केले, वांग्याची भाजी. मा.बा.नं तीन खाल्ले. विहिरीचं पाणी पिऊन म्हणे, "कसं गोड हाये व बुढे!" म्या म्हटलं, "घर तुमचंच हाये, या ना राह्यले."

शु. ७, सोमवार

काल एक लिहायचं राह्यलं. जाताना दादासाहेब भिंतीवर हात फिरवून म्हणे, "आमाले वाटलं घर पडलंच असन. हे तं नव्यावाणी हाये." मले आनंद मावेना.

जनार्दननं भिंत पाह्यली. टोपी खुंटीले लावली, जेवला नाही.

शु. १२, शनिवार

अकोल्याचं कार्ड. जनार्दननं वाचलं. दादासाहेबाची बदली अमरावतीच्या कचेरीत. तिथं घर भेटत नाही, म्हणून बडनेऱ्याहून टांग्यानं जाणंयेणं करतीन. "आजीने घर फार छान ठेवले आहे. आम्हीच राहायला येतो. तुम्ही दुसरे पाहावे."

सून चुलीपाशी तशीच बसली. म्या म्हटलं, "माह्यानं झालं व हे." म्हणे, "जाऊ द्या आत्याबाई." भांडली असती तं बरं वाटलं असतं.

व. २, गुरुवार

मी घर पाहत फिरली. गढीखाली एक खोली, तिथं म्हशी बांधतात. वेशीपाशी एक चांगली होती, मोरी आतच. पण घरवाली म्हणे, "बाळंतपण होईपर्यंत नाही देत. इटाळ कोण काढन?" माह्याच हातचे मोगऱ्याचे गजरे घालते ते. स्टेशनाकडं क्वार्टरचा नंबर लागत नाही.

जनार्दननं अकोल्याले खरं लिहून टाकलं, घर गळते म्हणून.

व. ११, शनिवार

मा.बा. अन् दादासाहेब आज आली, त्याईचा पलंग मावते का पाह्यले. म्या उतरंड बाजूले केली, ठिपका दाखवला. नखानं माती खरवडली. "पाहा दादासाहेब, आत ओघळ हाये." ते हासले. "आजी, तुमाले घर सोडवत नाही, समजते मले. भिंत म्या सोता पाह्यली होती. अन् कवेलूचं काय, उद्या गडी लावतो."

सात वर्सं आमी हेच मांगून राह्यलो होतो.

मा.बा.नं सुनेच्या पोटाकडं पाह्यलं. "माहेरी धाडा तिले." म्या म्हटलं, "माय नाही तिले, बाई. कोणीच नाही." मा.बा.नं पदर सावरला. मंग म्हणाल्या, "पाहू." काय पाहू ते नाही सांगतलं. म्याही नाही इचारलं. हिंमत नाही झाली.

टांग्यात बसून म्हणाल्या, "अखजीले (अक्षय तृतीयेले) सामान घेऊन येतो." अन् माह्या तोंडातून निघालंच, "मंग जेवायलेच या. पुरण घालतो." सून पाहतच राह्यली माह्याकडं.

येतो म्हणाल्या. अखजीले, येत्या शनिवारी.