पलंग आता हलणार नाही

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (खरं तर वाकता येत नाहीये, गाद्या उचलून उचलून कंबर धरली आहे, मनातल्या मनात वाकले असं समजा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नका.

"माझ्या आईला धड पलंगही मिळत नसेल तर मी रविवारी येऊन तिला घेऊन जाते," असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते तुमच्या बंधुराजांना फार लागलं. पलंग डुगडुगत होता हे खरंच. आईंनी कूस बदलली की शेजारचे जागे व्हायचे, आणि पडायच्या धास्तीनं आई खुर्चीतच झोपू लागल्या होत्या. बंधुराजांनी आधी पायांखाली पुठ्ठे सारले. मग पाना घेऊन बोल्ट इतके आवळले की एके ठिकाणी लाकूडच चिरलं. शेवटी पलंग भिंतीला टेकवला आणि "आता कुठे जातोय?" म्हणत त्यावर ऐटीत बसले. पलंग दुसऱ्या बाजूला गेला. (हेही गेले.)

तेव्हा आई खुर्चीतून उठल्या. चष्मा पुसला, काठीनं पलंगाला ढोसलं आणि म्हणाल्या, "पाय ठणठणीत आहेत रे, सांधे ढिले झालेत. माझ्या अगदी उलट."

वन्सं, काय बाई आहे हो ही! सगळा पलंग सुटा करायला लावला. सांध्यांतला जुना डिंक स्वतः खरवडला, नवा भरला, आणि चौकटीभोवती दोरी गुंडाळून तिच्यात लाटणं अडकवून असा पीळ दिला की सांधे गपगुमान मिटले. (डिंक वाळेपर्यंत लाटणं पलंगाकडेच, जेवण बाहेरून आलं.) कोपऱ्यांत आतून लाकडी ठोकळे स्क्रूनं बसवून घेतले, मधोमध आडवी पट्टी आणि तिला पाचवा पाय. मी नुसती आ वासून स्क्रू पुरवत होते. बंधुराजांनी आनंदाच्या भरात पलंगावर उडी मारली. पलंगानं हूं की चूं केलं नाही. ते काम ह्यांनी केलं.

काल दुपारी आई त्यावर चक्क घोरल्या. मी हातातलं काम टाकून दाराशी ऐकत उभी राहिले.

तुमची,
भावजय

ता. क. बोलताना दुरुस्तीचं थोडं श्रेय ह्यांनाही द्या. पुठ्ठे खरोखर ह्यांचेच होते.

ता. क. २. रविवारी जरूर या, पण आईंना न्यायला नको, भेटायला या. माझं घर त्यांच्यावाचून चालायचं नाही. डिंक भरतानाच मी त्यांना बजावलं होतं, "आई, आता हा पलंग पुन्हा सुटा व्हायचा नाही, आणि अख्खा कधी दारातून बाहेर निघायचा नाही हं." तर हळूच म्हणाल्या, "म्हणून तर भरतेय."