कुरणाखालचा राजवाडा

५ ऑगस्ट १९७६

पाऊस नाही. नळाला पाणी नाही. नणंदबाई हेस्टरच्या तोंडाला मात्र खळ नाही! आज जेवायला आली नि पुन्हा तेच — "वहिनी, ह्या दुष्काळात राजवाडा दिसणार बघ. खाली भिंत असली की वरचं गवत आधी करपतं."

जुन्या कुठल्या राजाचा शिकारीचा वाडा म्हणे. गावाने दगड पळवून डुकरांची खोपटी बांधली, पाया कुरणाखाली राहिला. कुरण हेस्टर आणि माझा नवरा सिरिल, दोघा भावंडांच्या नावावर. बिल्डर तयार, सिरिल तयार, मी तर समुद्राकाठच्या घराचे पडदेही ठरवलेत. ही बया सही करीना! राजवाडा निघाला तर कुरणाला कोणी हात लावणार नाही ना.

९ ऑगस्ट

हिवाळ्यात बर्फावर टाकायचं मीठ शेडात पडलं होतं. हेस्टर दात काढून घ्यायला गेली तेवढ्यात मी कुरणात फाटकापाशी त्याच्या दोन लांब रेघा ओढल्या. वर भांडी धुतलेलं पाणी. घे बाई, तुझा राजवाडा!

१६ ऑगस्ट

करपल्या! हेस्टर गावभर नाचतेय. विद्यापीठात फोनसुद्धा केला.

१९ ऑगस्ट

विद्यापीठाचे डॉ. पिकरिंग आले. निम्मं गाव जमलं. त्यांनी गवत उपटलं, माती बोटावर घेतली, जिभेला लावली. "मीठ आहे हे."

गुत्त्यावरचा नॉरिस ओरडला, "राजाचं स्वयंपाकघर सापडलं रे!" हसून हसून लोकांची मुरकुंडी. पिकरिंग नाही हसले. हेस्टरला म्हणाले, "बाई, लाज वाटायला हवी होती." कुरण वाचवायला तिनेच केलं असं सगळ्यांना वाटलं. सिरिललासुद्धा!

"मी नाही हो, मी नाही," एवढंच म्हणत राहिली. मी तिला चहा करून दिला. मजा आली. इथे खोटं कशाला लिहू?

२४ ऑगस्ट

हेस्टरने हाताला धरून चर्चच्या मनोऱ्यावर नेलं. "कुरणात ओढ्याकडे बघ, वहिनी. माझं आता कोण ऐकणार? तू सांगितलंस तर ऐकतील."

बघितलं. होता! अख्खा! दरबार, अंगण, गोल भिंतीचं प्रार्थनागृह — शिंप्याने कापडावर खडूने आखावं तसं सगळं.

"दिसतंय ना?"

"काय दिसायचंय? वाळकं गवत."

"अगं, ते बघ, प्रार्थनागृह—"

"हेस्टर, तुमच्या आईलाही शेवटी असंच काहीबाही दिसायचं."

पांढरी फटक पडली. जिना उतरताना माझा दंड घट्ट धरला होता. मला वाईट वाटलं का? नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

२७ ऑगस्ट

स्वतःच आली. "मनोऱ्यावरून वहिनीला नुसतं गवत दिसलं, मला राजवाडा. आईसारखं माझंही डोकं चाललंय. कुठे सही करू सांगा." मंगळवारी वकिलाकडे जायचं. वृद्धाश्रमाचीही चौकशी केली तिने. गॅस चालू राहील ह्या भीतीने दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणे. सिरिल रडला. मी पडद्यांचे नमुने काढले.

२९ ऑगस्ट

रेडिओवर पाऊस सांगितला. मनोऱ्याच्या पन्हाळीत कावळ्यांनी घरटी केलीत, ती काढायला सिरिल वर गेला होता. आत्ता आला. टोपीही काढली नाही.

"एनिड, त्या प्रार्थनागृहाची गोल भिंतसुद्धा दिसते गं."

मी पडद्यांचे नमुने खणात सारले.

"हेस्टरला आणायला चाललोय," म्हणाला. "आम्ही यायच्या आत तू नीघ."