रविवारच्या प्रार्थनेतलं नाव

कराची, फेब्रुवारी १९४६

हनोखदादा,

म्हंजे याबी वक्ताला तूच! रहिमतपूर टेशनावर तुला हार घालाया चर्चची अख्खी मंडळी आली, आईनं कोंबडं कापलं. मी घरी आलो की आई इचारते, "सुट्टी किती दिस?" तू लढाईवर, म्हणून पाच वर्सं दर रविवारी पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. मी इथं गोदीत पोती वाहतो, माझं नाव एकदाबी न्हाई.

आपल्या मार्थाताईनं लिवलंय, देवानं कसं राखलं त्याची साक्ष द्याया तुला चर्चात उभं केलं, तर तू म्हणालास, "इटलीत माझ्या हातनं एक पोरगा मेला. त्याच्यासाठी प्रार्थना करा." पाळकसाहेब म्हणाले, "नाव तरी सांग." तुला ठावं नव्हतं, प्रार्थना ऱ्हायलीच. तवापास्नं तू चर्चच्या पायरीवरच बसतोस.

तूबी बाहेर बसलास, हे वाचून आधी बरं वाटलं. मग त्या मेलेल्या पोराचाच हेवा वाटला. त्याच्यासाठी तू उभा राह्यलास, माझ्यासाठी कवा न्हाई. पण बिननावाचा रविवार कसा जातो, ते मला ठावं हाय.

तू परत आलास म्हणून आईनं उपकारस्तुतीच्या दानाला पाच रुपये मागितलेत. हे पत्र मी टाकत न्हाई. मनिऑर्डरच्या कुपनावर खालची शेवटची वळ तेवढी लिवीन.

तुझा धाकटा,
नथनेल

दादा आल्याचे तीन रुपये, त्या पोराचे चार.