देवदूत दोन, बोलणारा एक

१ मार्च, रविवार.
उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरला काहीतरी वेगळं करा. ज्याचं चांगलं होईल त्याला मे महिन्यात गोंदियाच्या मेळाव्यात स्टेजवर बोलायला पाठवू. हे म्हणताना माझ्याकडेच पाहत होते. प्रेमिला म्हणते, माझ्या मागच्या घड्याळाकडे. बायकोला नवऱ्याचं मोठेपण दिसतच नाही.
संकल्प: येशूच्या रिकाम्या कबरेजवळची सकाळ, बायबलमधली चारही शुभवर्तमानं जोडून एकच नाटक. मत्तय, मार्क, लूक, योहान यांचं आपसात जुळत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं कायमची बंद. आठ दिवसांत स्क्रिप्ट!

९ मार्च.
फाइलला कव्हर घातलं. झकास दिसते. स्क्रिप्ट उद्यापासून.

१५ मार्च, रात्री.
पेच पडला. मत्तय आणि मार्क कबरेपाशी एकच देवदूत सांगतात, लूक आणि योहान दोन. तीन कप चहा झाले. मग सुटलं! होते दोघं, बोलला एकच. बोलला तेवढाच मत्तय-मार्कांनी लिहिला. दोन हजार वर्षांत कोणाला सुचलं नाही! प्रेमिलाला उठवून सांगितलं. म्हणे, आमच्या आईनं संडे स्कूलमध्ये हेच शिकवलं होतं. झोपेत माणूस काहीही बोलतो.
योहान म्हणतो अंधार होता, मार्क म्हणतो सूर्य उगवला होता. त्यात काय? अंधारात सुरू करायचं, उजाडता उजाडता संपवायचं. जागा, तलावाची पाळ, वर बांध, खाली पाणी. वा रे भैयाजी!

२२ मार्च.
देवदूत ठरले. उमरावभाऊ पाळीवरच्या दगडावर बसणार, मत्तयप्रमाणे. धर्मेंद्र ऑटोवाला खाली पाण्याजवळ, तिथं आपली कबर.
पण गप्प कोण राहणार? उमरावभाऊ तडकले. म्हणे, मी काऊन चूप राहू, मी का बुजगावणं आहो? धर्मेंद्र म्हणे, पांढऱ्या चादरी माया घरच्या, तर डायलॉगबी मायाच. दोघांनाही वेगवेगळं गाठून कानात सांगितलं, बोलणारा तूच. दोघंही खूश. मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

४ एप्रिल.
रिहर्सल राहिली. गरजच काय? त्यापेक्षा मेळाव्याचं भाषण लिहिलं, दोन पानं झाली. कोट इस्त्री करून आणला. डायरेक्टर कोटातच शोभतो.

५ एप्रिल, ईस्टर. दुपार.
नाटक जरा वेगळं झालं. अंधारात दोन्ही देवदूत एकदमच ओरडले, तो येथे नाही! मग वरचा खालच्याला चूप बस म्हणाला, खालचा वरच्याला. मला मध्ये धावावं लागलं. पुढचं लिहिण्यासारखं नाही. कोट वाळत घातला आहे.

६ एप्रिल.
गावभर बोभाटा. उमरावभाऊ सांगत सुटलेत, भैयाजी पाळीवर म्हशीच्या शेणात तोंडघशी पडला. धर्मेंद्र म्हणतो छे, पाण्यात पडला, तोही उताणा.
उत्तम! दोघांचं जुळत नाही, म्हणजे असं काही घडलंच नाही. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांनाही हेच ठासून सांगितलं. अंधारात कोणाला काय दिसणार?
प्रेमिला चहा घेऊन आली. म्हणाली, यात न जुळण्यासारखं काय आहे? उमरावभाऊ वर होते, त्यांना वरचं दिसलं. धर्मेंद्र खाली, त्याला खालचं. आधी हे शेणात पडले, तोंड धुवायला खाली उतरले, तिथं घसरून पाण्यात. दोघंही खरंच बोलतात.
पाळकसाहेब इतके हसले की बशीतला चहा पँटवर सांडला.
अगदी तस्संच झालं होतं. तोंड धुवायला उतरलो हे हिला कळलं कसं?

१२ एप्रिल, रविवार.
मेळाव्यात बोलणाऱ्याचं नाव जाहीर झालं. प्रेमिला! पाळकसाहेब म्हणाले, चार शुभवर्तमानं इतकी सोपी करून आजवर कोणी सांगितली नव्हती. टाळ्या. मीही वाजवल्या. काय करणार, बायको चांगलीच बोलते.
माझं भाषण तिला देऊ केलं. त्या दोन पानांवर तिनं भजी निथळत ठेवली.
मलाही स्टेजवर खुर्ची आहे, तिच्या शेजारी. उदाहरण म्हणून. पडलेला माणूस लोकांना दिसला पाहिजे, पाळकसाहेब म्हणे. हरकत नाही. पुढे कोणी विचारलंच तर खरं तेच सांगेन.
स्टेजवर दोघं होते. बोलली एकच.