अकरा जोड बूट आणि कलम चार

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

दहा गुण कापले! एकदम दहा!

अंतरा फोन नाचवत खोलीत आली. "आजी, दे टुक टेन पॉइंट्स!" तिचा एव्हर्टन. लिव्हरपूलमधला जुना, निळ्या शर्टांचा फुटबॉल क्लब. नात दोह्यात जन्मली, तेरा वर्षांची झाली, इंग्लंड अजून पाहिलेलं नाही. आणि डोळ्यांत पाणी.

गुन्हा काय? मैदानावर काहीच नाही. तीन वर्षांत परवानगीपेक्षा जास्त तोटा झाला. म्हणून.

मला ऑफसाइड अजून कळत नाही. पण नियम आणि दंड कळतो. आयकर खात्यात तेहतीस वर्षं काय माशा मारल्या?

रविवार, १९ नोव्हेंबर

काल दिवसभर तो नियम वाचून काढला. अंतराने छापून आणला. डोळे दुखले, डोकं जास्त.

जेवताना देवव्रत म्हणाला, "आई, नियम नसता तर निम्मे क्लब बुडाले असते. मालक येतो, पैसा ओततो, कंटाळतो, निघून जातो. मागे अख्खं गाव रडत बसतं."

खरं आहे माझ्या लेकाचं. म्हणूनच राग जास्त! हेतू इतका चांगला आणि पट्टी अशी! तोट्याची मर्यादा सगळ्यांना एकच — वा, काय समता! पण कमाई? ज्याचं मैदान मोठं, ज्याचे शर्ट जगभर खपतात, तो वाटेल तेवढा खर्च करूनही नियमात. ज्याला वर यायचंय त्याने उधळलं की बेशिस्त. म्हणजे ज्याचं घर आधीच तीन मजली त्याने चौथा चढवावा, झोपडीवाल्याने वीट आणली तर नोटीस!

माझ्यापुढे एक गिरणीवाला यायचा नाशिकला. सगळे कागद पिशवीत, पिशवीवर पीठ. खरं बोलायचा आणि दंड भरायचा. मोठे कधी आलेच नाहीत. त्यांचे वकील यायचे. तारखा घ्यायचे, चहा प्यायचे, जायचे. तिकडेही तेच. एका गडगंज क्लबवर शंभराहून जास्त आरोप आहेत. ते सगळे नाकारतात, आणि निकाल कधी — देव जाणे.

मी आवाज चढवला तशी वल्लरी म्हणाली, "आई, हळू. इथलाच पैसा तिकडे ओततात. कतारात बसून युरोपातल्या क्लबांच्या पैशावर भाषण नको." सून हुशार आहे. भाषण मात्र मी पूर्ण केलं.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

आपली मराठी लीग सुरू झाली. अल गराफातल्या शाळेचं मैदान, आठ संघ.

गेल्या वर्षी सह्याद्री स्टार्सने — सगळे इंजिनियर, गाड्या बघाव्यात एकेकाच्या — बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणले आणि कामगारांच्या संघाला नऊ गोल मारले. लाज! मग समितीने मला गाठलं. "काकू, तुम्ही कायद्यातल्या. नियम लिहून द्या." दिला. दोन पानी, बिनतोड. कलम चार: बाहेरून मिळालेली कोणतीही मदत पंधरा दिवसांत लेखी कळवावी, न कळवल्यास सहा गुण कापावेत. मदत कळवणाऱ्या अर्जांची छाननीही माझ्याकडेच.

आज स्टार्सचा नवा प्रशिक्षक पाहिला. शिट्टी, टोपी, सगळं विलायती. पगार? तो म्हणे मधुसूदनच्या कंपनीत 'सेफ्टी को-ऑर्डिनेटर' आहे. मधुसूदन आमच्या समितीचा अध्यक्ष. कागदावर संघाचा खर्च शून्य. माझ्या कलमाला कुठे नखही लागत नाही! पळवाट मीच ठेवली की काय?

कामगारांचा बरवा संघ बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतून कंपनीच्या बसने येतो. कप्तान शहाजी, माण तालुक्यातला, वेल्डर. त्याच्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला. दोघे साइटवरचे सेफ्टी शूज घालून पळत होते. तरी जिंकले!

"शहाजी, पाय सोलवटले की रे."

"मावशी, चेंडूला काय कळतंय, बूट कसला हाय ते?"

सोमवार, २७ नोव्हेंबर

खेळाच्या दुकानात गेले. फुटबॉलचे बूट, अकरा जोड. मापं इरशादने चिठ्ठीवर दिली होती. हा रत्नागिरीकडचा, इंडस्ट्रियल एरियात कॅफेटेरिया चालवतो आणि शुक्रवारी मैदानाबाहेर करक चहा विकतो. बूट त्याच्याच हाती पोचवले. "माझं नाव सांगायचं नाही. शपथ घे." घेतली.

आमचे दादा, म्हणजे वडील, देवळाच्या पावतीवर कायम 'गुप्तदान' लिहायचे. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा तेच शिकवायच्या — या हाताचं त्या हाताला कळू नये. देऊळ आणि चर्च एका गोष्टीवर एकमत, म्हणजे ती खरीच असणार.

शनिवार, ९ डिसेंबर

देवव्रतही समितीत आहे, त्याने अर्जांचा गठ्ठा आणून टाकला. सात. अर्ध्या तासात निकाल. सहा नोंदवले, एक परत. देणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा! पहिला रकाना कोरा दिसला की पुढचं वाचायचं नाही, ही माझी जुनी शिस्त. लाल पेन्सिल, शेरा, सही. हात अजून थरथरत नाही म्हणायचा.

शुक्रवार, १९ जानेवारी

इथे चाललेल्या आशिया कपामुळे रस्ते भरलेले, तरी गेले. बरवाने स्टार्सला हरवलं! दोन-एक! अकरा जोड नवे बूट उन्हात चमकत होते. मी कुणाकडे बघितलं नाही. इरशादने चहाचे पैसे घेतले नाहीत. "राहू द्या काकू." डोळा मारला लबाडाने.

रविवार, १८ फेब्रुवारी

साखळी संपली. बरवा पहिले! स्टार्स दुसरे. फायनल या दोघांत. शहाजीने कंपनीकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवली, सगळ्या संघासाठी. गावाकडे त्याच्या आईला सगळे मिळून फोनवर सामना दाखवणार आहेत म्हणे.

संध्याकाळी जेवताना देवव्रत नुसता भात चिवडत होता. खोदून विचारलं. स्टार्सनी तक्रार केलीय — बरवाला अकरा जोड बूट कुणी दिले? कळवलं का नाही?

कलम चार.

माझ्या ताटातला घास ताटातच राहिला. मीच दिले, मीच लपवले, आणि लपवण्याचा दंडही मीच लिहिला! हे आधी माझ्या लक्षात कसं आलं नाही? दान म्हणजे पुण्य आणि मदत म्हणजे कलम, अशी दोन कपाटं होती माझ्या डोक्यात. वेगवेगळ्या कुलपांची.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सुनावणी. मधुसूदनचा दिवाणखाना, समोर काजूची बशी. शहाजी खुर्चीच्या कडेवर बसलेला. दोन बसेस बदलून आला होता.

"बूट कुणी दिले?"

"न्हाई ठाव, साहेब. इरशादभाई सांगत न्हाईत."

"मग कळवलं का नाही?"

"कळवलं हुतं. अर्ज दिल्ता."

मधुसूदनने माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली. सहा नोंदी. बरवा नाही. माझी वही कधी चुकत नाही. सांगितलं, "नोंद नाही."

शहाजी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी म्हणत्यात तर नसंल दिला."

उठून उभी राहिले. "बूट मी दिले. गुप्त ठेवा असं मीच बजावलं. दंड मला करा."

देवव्रतने डोळे मिटून घेतले. मधुसूदनने काजू तोंडात टाकला, चावून संपवला. "काकू, भावना समजतात. पण देणारं कोण हा प्रश्नच नाही. नोंद नाही, हा प्रश्न आहे. तुमचंच कलम. बिनतोड लिहिलंत."

मी म्हटलं, "आणि तुमचा सेफ्टी को-ऑर्डिनेटर? शिट्टी फुंकून कुठली सेफ्टी सांभाळतो?"

"तो कंपनीचा अंतर्गत मामला."

सहा गुण गेले. बरवा तिसरे. शुक्रवारी फायनलला स्टार्स आणि तिसऱ्यावरून वर आलेला गोदावरी संघ.

बाहेर शहाजीला गाठलं. काय बोलू? तो वाकून पाया पडला माझ्या. "बूट झ्याक हुतं, मावशी. फकस्त नाव आधी कळाया पायजे हुतं."

सोमवार, २६ फेब्रुवारी

अंतरा उड्या मारतेय. एव्हर्टनचं अपील झालं, दहाचे सहा केले. चार गुण परत! तिकडे निदान अपील आहे. माझ्या दोन बिनतोड पानांत अपिलाचं कलमच नाही. सुचलंच नाही. टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्याला कुठून सुचणार?

नातीला जवळ घेतलं. ती म्हणाली, "सो इट्स फेअर नाऊ, आजी?"

गुरुवार, २९ फेब्रुवारी

दुपारी इरशाद आला. बसेना, चहाही घेईना. "शहाजी नको म्हणाला होता, काकू. म्हणाला, मावशीला वाईट वाटंल. पण उद्या फायनल आहे, मला राहवेना." खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

आमच्या लीगचा अर्ज. देणाऱ्याचं नाव — कोरं. त्याखाली, ओळी सोडून, जपून काढलेलं अक्षर: 'बूट जोड अकरा मिळाले. देणाऱ्याचं नाव आम्हाला माहीत नाही. कळलं की लगेच लिहून देतो. शहाजी, बरवा संघ. ता. ६ डिसेंबर.'

वर आडवा लाल शेरा. 'अपूर्ण. परत.' आणि माझी सही.

मधुसूदनला फोन केला. आज सातला समिती बोलवायला लावली. देवव्रत गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. "आई, काय सांगणार आहेस तिथे?"

म्हटलं, अर्ज वेळेत आला होता. मी वाचला नाही.