जुनं पुसून नवं बसवताना

प्रिय शेफाली,

पाकीट बघून हसशील. आठवड्यातून चारदा फोनवर असतो आपण, आणि ही बया वेल्ह्याच्या पोस्टातून पत्र धाडते! पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं पुसता येतं, आणि पुसण्यात माझा हात किती साफ आहे ते तुला पुढे कळेलच. फोनवर तर सोयच नाही. तू मध्येच काहीतरी मायेचं बोलतेस आणि माझं अवसान गळतं. म्हणून तुझ्याच लॅपटॉपवर टाइप करतेय, दुकानातल्या प्रिंटरवर छापीन आणि हाताखालच्या संपतला न दाखवता पेटीत टाकीन.

आधी चांगली बातमी. तुझा लॅपटॉप आता पळतो. तू दुरुस्तीला दिलास तेव्हा चालू व्हायलाच एवढा वेळ घ्यायचा की मी मध्ये चहा टाकून, पिऊन, कप विसळून यायचे. नवं विंडोज त्याला पेलणार नव्हतं, म्हणून त्याच्या जागी हलकं लिनक्स टाकायचं ठरलं आपलं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघितलं, वायफाय लागलं, आवाज आला, मी मनातल्या मनात नारळ फोडला. मग स्क्रीन उलटी वळवून त्याची पाटी केली आणि खरी गंमत सुरू झाली. स्क्रीन फिरायची, पण तुझं चितारायचं पेन फिरायचं नाही. मी खाली रेघ ओढली की ती वर उमटायची, डावीकडे टेकवलं की उजवीकडे ठिपका. वर पाटी हातात धरली की मागे गेलेला कीबोर्ड जागाच, बोटं लागतील तशी अक्षरं टाइप होत राहायची. माझ्यासारखीला काँप्युटरने असं वेडावलं की झोप येत नाही. गिऱ्हाइकांचे सातबारे एकीकडे ठेवून मी त्याच्या मागे लागले. शेवटी पेनाला स्क्रीनशी बांधणारी एक आज्ञा सापडली, आणि पाटी केली की कीबोर्ड आपोआप बंद होईल अशी सोयही केली. आता तू कशीही धर, रेघ जिथल्या तिथे उमटते. वेल्ह्याच्या बाजारात काँप्युटरचं कुणाचं काही अडलं की माझ्याच दुकानाची पायरी चढतात, ते उगाच नाही. बघ, एवढं सगळं करून मला अजून फुशारकी मारायची हौस आहे.

पौषात तू आमच्या वस्तीवर आली होतीस, ते आठवतंय ना? मी तुला किती परोपरीने सांगितलं होतं की माझ्याकडे मार्गासनीला राहा, सासरचं घर मोठं आहे, अंघोळीला गरम पाणी आहे. तू ऐकलं नाहीस. आबांच्या छपरात शेरडांच्या शेजारी पथारी टाकलीस आणि सकाळपासून तो लॅपटॉप मांडीवर घेऊन चितारत बसलीस. आईच्या भाकरी, दावणीच्या गाई, आबांचे पाय. आबांना तुझं भारी कौतुक. माझ्याशी बोलताना ज्यांच्या तोंडातून दोन वाक्यं निघत नाहीत, ते तुला शेरडांची नावं शिकवत होते.

आणि त्या सकाळी ती काळी शेळी व्याली. करडू पडलं ते निपचित. आबांनी अंगावरची घोंगडी ओढून तिच्यात ते घेतलं, तोंडातला चिकटा बोटाने काढला आणि त्याच्या नाकपुड्यांवर आपलं तोंड लावून फुंकर घालत राहिले. उघडे, गुडघ्यापर्यंत लेंड्यात, दाढीला सगळं लागलेलं. मी तोंड फिरवून बाहेर गेले. तू तिथेच बसून चितारलंस. आमच्याकडे बापजाद्यांपासून असंच करतात, त्यात नवल काही नाही. पण ते मी भोरला कॉलेजात असताना कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हॉस्टेलवर माझ्या ट्रंकेला शेरडांचा वास येतो म्हणून ती खोलीबाहेर ठेवायला लावली होती, तेव्हा तू नव्हतीस, तू दुसऱ्या वर्षी आलीस. मी तुला ते कधी बोलले नाही.

तू ते चित्र आबांना दाखवलंस. स्क्रीन उलटवून त्यांच्या मांडीवर ठेवलीस. त्यांनी आधी हात धोतराला पुसले, मग किती तरी वेळ बघत बसले. तेव्हापासून दर बाजाराला दुकानात येऊन स्टुलावर बसतात आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारतात, “गेलं का गं माजं चितार पुण्याला?” कुणी विचारलं नसलं तरी सांगतात, “त्ये करडू जगलं बरं का! लई द्वाड झालंय आता.” मी खाली मान घालून झेरॉक्स काढत राहते.

आता मुद्द्याचं. तू मला बजावलं होतंस की आधी सगळी चित्रं दुसरीकडे उतरवून घे आणि मग काय करायचं ते कर. मी घेत होते. त्याच दिवशी तुझा फोन आला. पुण्यातल्या तुझ्या प्रदर्शनाच्या निमंत्रणावर तेच चित्र छापणार म्हणालीस, आपल्या कॉलेजच्या सगळ्यांना पाठवणार म्हणालीस, आणि खाली नाव, तू आबांना म्हणतेस तसंच, बाजीकाका, वेल्हे. तू इतकी आनंदात होतीस! मी “वा वा” म्हटलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते निमंत्रण मार्गासनीत सासूबाईंच्या हातात आलं, हॉस्टेलच्या त्या मुलींच्या मोबाईलवर आलं.

मी तोरण्याची चित्रं घेतली. भातखाचरं, बाजार, माझं दुकान, सगळं घेतलं. ‘बाजीकाका’ नावाचं फोल्डर तेवढं घेतलं नाही. विसरले नाही, शेफाली. त्यावर बोट ठेवलं आणि उचललं. मग लिनक्स बसवायला घेतलं. त्याने विचारलं, जुन्याच्या शेजारी बसवू की सगळं पुसून बसवू? मी पुसून म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, डिस्कवरचं सगळं जाईल, खात्री आहे का? मी भाषा मराठी निवडली होती, त्यामुळे इंग्रजी कळलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. मी ‘होय’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं की बसवताना काहीतरी बिघडलं, एक फोल्डर गेलं. बिचाऱ्या लिनक्सवर ढकललं, ज्याने मला दोनदा विचारलं होतं. तू मलाच समजावू लागलीस. असू दे गं, चूक माझी, मीच दुसरी प्रत ठेवायला हवी होती, तू रडू नकोस. मी रडत होते ते खरं होतं, पण ते कशासाठी ते तुला ठाऊक नव्हतं. हरवलेलं परत काढायचे उपाय असतात, ते सगळे मी नंतर करून बघितले. काही हाती लागलं नाही. आता तू तोरण्याची चित्रं लावणार आहेस. किल्ल्याची चित्रं तर कुणीही काढतं.

हे एवढंच असतं तर, खरं सांगते, मी कदाचित गिळून टाकलं असतं. इतकी वाईट आहे मी. पण गेल्या बाजाराला आबा आले, स्टुलावर बसले आणि त्यांनी नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, आबा, गेलं ते चित्र, मशीनमधून पुसलं गेलं. मला वाटलं हळहळतील, मशीनला शिव्या देतील. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझं तोंड त्यांना लहानपणापासून वाचता येतं. मग हळू आवाजात, गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “चांगलं न्हवतं व्हय ते? म्या उगडाच हुतो त्यात.” मी खाली मान घालून झेरॉक्सचे कागद लावू लागले. त्याचा अर्थ त्यांनी लावायचा तो लावला. उठताना म्हणाले, “मंग बोलीव तिला परत. ह्या खेपंला म्या सदरा घालून बसतो. शेरडं बी लांब बांदू.” त्यानंतर त्यांनी बाजारात एकालाही करडाची गोष्ट सांगितली नाही. काल आईचा फोन होता. आबांनी माझ्या लग्नातला पांढरा सदरा पेटीतून काढून धुवायला लावलाय आणि रोज सकाळी गोठ्यात जायच्या आधी ते दाढी करतात.

शेफाली, माझी लाज मी त्यांच्या अंगावर घातली. ती काढायला मी गेले तर आता ते माझं ऐकणार नाहीत, पोरगी बापाचं मन राखायला बोलते असंच त्यांना वाटेल. तुझं ऐकतील. माझ्यावर रागव, माझ्याशी बोलू नकोस, लॅपटॉप दुकानातून संपतकडून घे आणि मला न भेटता वर वस्तीवर जा. पण वर जा. त्यांना सांग की तुला सदऱ्यातले आबा नकोत, ते होते तसे हवेत. त्यांनी सदरा उतरवला नाही तरी त्यांच्यापुढे बस, हट्ट कर, शेरडं जवळ आणायला लाव. या महिन्यात आणखी दोन शेळ्या व्यायच्या आहेत. लवकर ये.

तुझीच,
वर्षाराणी